चवड्याशी रुंद

तेराव्याला ब्राह्मणाला द्यायच्या वस्तूंत छत्री असते, काठी असते, पाण्याचं भांडं असतं आणि पायांत घालायला जोडा असतो. गेलेल्या माणसाला पुढे लांब चालायचं असतं, वाट तापलेली आणि काट्यांची असते, म्हणून. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यावर विश्वास होता असं नाही, आणि नव्हता असंही कधी कुणाला म्हटलं नव्हतं. पण माझे यजमान गेले, गुरुजी फोनवर एकेक वस्तू सांगू लागले, आणि जोडा या शब्दापाशी मी अडकले. पुढचं सगळं मुलाने ऐकलं. मला एवढंच दिसत होतं, की कुणीतरी बाजारातून टोकाशी निमुळती होत गेलेली, कडक कातड्याची चप्पल आणणार आणि ती त्यांच्या पायांत जाणार नाही.

त्यांना गाऊट होता.

गेले ते हृदय थांबून. हिवाळ्यातल्या एका सकाळी, नोएडातल्या आमच्या घराच्या बाल्कनीत ऊन खात बसले असताना. पण त्याआधीची कित्येक वर्षं आमच्या घरात हृदयाची कुणी चौकशीही केली नव्हती. सगळं उजव्या पायाच्या अंगठ्याभोवती फिरायचं. बाहेर जायचं की नाही, कुणाच्या लग्नाला किती वेळ उभं राहायचं, स्वयंपाकात काय घालायचं, हे तो अंगठा ठरवत असे. आणि म्हणून मी मनाशी ठरवलं, की बाकीचं काहीही होवो, हा जोडा मी निवडायचा. ताईंनी नाही.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. फरीदाबादला राहतात, एकट्या. शाळेत गणित शिकवायच्या. लग्नानंतर सासूबाईंनी मला त्यांना ‘वन्सं’ म्हणायला शिकवलं होतं; तो शब्द ऐकून ताईच इतक्या हसल्या की मी सोडून दिला. त्यांच्याशी माझं भांडण कधी झालं नाही. मला फक्त त्यांचा हेवा वाटायचा, आणि तो कशाचा, हे सांगायला मला अंगठ्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

पहिल्यांदा तो सुजला तेव्हा आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. त्यांचं कार्यालय कस्तुरबा गांधी मार्गाजवळ. काळे, पॉलिश केलेले बूट घातल्याशिवाय ते कधी घराबाहेर पडले नव्हते. त्या सकाळी बूट घालायला खाली वाकले आणि तसेच थांबले. अंगठ्याचा सांधा लालभडक, चकाकणारा, तापलेला. मोजा वर चढवता येईना. चादरीची कडा लागली तरी त्यांचा चेहरा बदलायचा. पण तोंडातून आवाज निघाला नाही. दुसऱ्या दिवशी ते एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात चप्पल घालून कार्यालयात गेले. तिथल्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या तपासणीचा निकाल ऐकल्यावर थट्टा केली. ‘‘क्या बात है साहब, पार्टियां चल रही हैं और हमें बुलाते भी नहीं!’’ दारू त्यांनी आयुष्यात चाखली नव्हती. त्यांना वेड होतं ते उसाच्या रसाचं. तोही या दुखण्याला चालत नाही, हे मला पुढे वाचून कळलं.

वाचणं माझ्या हातात होतं. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. काही अडलं की वाचायचं, एवढंच मला येतं. मी वाचलं की दुखणं भरात असताना शेक द्यायचा नाही, तेल चोळायचं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवायचा, पाय उशीवर उंच घ्यायचा, पाणी पीत राहायचं. एरवी गोळी चुकवायची नाही. नखं सरळ कापायची, कोपरे आत खोदायचे नाहीत. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. सांध्यावर जो उंचवटा येतो त्याच्यावरची कातडी रोज बघायची, कुठे घासलीय का, फुटलीय का. मोज्यांना आवळणारं इलॅस्टिक नको. आणि जोडा चवड्याशी रुंद हवा, म्हणजे बोटं एकमेकांवर न चढता सपाट पसरतील. सांध्यापाशी आतून शिवण नको. तळ जाड, सहज न दुमडणारा. टाच मात्र घट्ट धरणारी. तो संध्याकाळी घ्यायचा, कारण संध्याकाळपर्यंत पाय थोडा फुगलेला असतो.

हे एवढं घेऊन मी दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी तेच.

‘‘भैया, आगे से चौड़ा दिखाइए.’’

‘‘एक नंबर बड़ा ले लीजिए ना आंटी. अपने आप चौड़ा हो जाएगा.’’

एक नंबर मोठा घेतला की तो लांब होतो. टाच आत घसरते, पाय पुढे जाऊन अंगठा पुन्हा टोकावर आपटतो. मी हे समजावून सांगू लागले की दुकानदार यांच्याकडे बघत, आणि हे दुसरीकडे.

शेवटी, आम्ही नोएडाला राहायला आल्यावर, तिथल्याच एका सेक्टरच्या बाजारात, औषधांच्या दुकानाच्या वर, फक्त दुखऱ्या पायांचे जोडे ठेवणारं एक लहान दुकान सापडलं. गडद तपकिरी सँडल, तीन रुंद पट्टे, प्रत्येकाला वेलक्रो. पुढून बदकाच्या चोचीसारखा. यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला.

‘‘हे घालून मी ऑफिसला जाऊ? शिपाई सलाम करायचा बंद होईल.’’

‘‘शिपायाचा अंगठा दुखतोय का?’’ मी म्हटलं.

त्यांनी घातला. दुकानाच्या त्या टोकापर्यंत गेले, परत आले. भिंतीला हात न लावता. खाली न बघता म्हणाले, ‘‘बरा आहे.’’

बरा आहे, हे त्यांचं सर्वांत मोठं कौतुक. लग्नानंतर मी पहिल्यांदा केलेल्या पुरणपोळ्यांनाही ते एवढंच मिळालं होतं. बेचाळीस नंबरचा तो जोडा मी घरी आणला आणि कित्येक दिवस येता-जाता त्याच्याकडे बघत राहिले. तो मी शोधला होता.

पण दुखणं उठलं की ते घरी थांबत नसत. ते फरीदाबादला जात.

आधी मला त्याचा अर्थ कळला नाही. टॅक्सी बोलवायची, पुढच्या सीटवर पाय लांब करून बसायचं आणि जायचं. विचारलं तर म्हणायचे, ‘‘तिथे बरं वाटतं.’’ त्याआधी फोन व्हायचा. दार लोटून, हळू आवाजात. एकदा मला त्यातलं एक वाक्य ऐकू आलं, ‘‘अण्णा आलेत गं. कालपासून.’’

मला वाटलं, त्यांच्या गावाकडचे कुणी वयस्क नातेवाईक फरीदाबादला उतरलेत. मी म्हटलं, ‘‘अण्णांना जेवायला इकडे बोलवूया का?’’

ते आधी खूप हसले. मग ओशाळले. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. ते आमच्या लग्नाच्या आधीच वारले होते. त्यांना हेच दुखणं होतं, ह्याच सांध्यात. दुखणं घरात आलं की ते कुणाला जवळ येऊ देत नसत, सगळं घर चवड्यांवर चालायचं. म्हणून या दोघा भावंडांनी दुखण्यालाच अण्णा म्हणायला सुरुवात केली होती. दोघांनी, कारण पन्नाशी ओलांडल्यावर ते ताईंनाही सुरू झालं. ताईंचा डावा पाय, यांचा उजवा.

पुढे एकदा ताई आमच्याकडे जेवायला आल्या असताना, पानं मांडता मांडता मी सहज विचारलं, ‘‘मग, अण्णा कधी गेले या वेळी?’’

कुणी हसलं नाही. ताई म्हणाल्या, ‘‘अगं, आमच्या अण्णांना तू बघितलंस तरी होतंस का?’’

त्या रागावल्या नव्हत्या. भाजी वाढ म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या. पण तो शब्द मी पुन्हा वापरला नाही.

एकदा न सांगता मीच फरीदाबादला गेले. घरी फ्रीजमध्ये ठेवलेली बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून बरोबर घेतली होती, जणू फरीदाबादला बर्फ मिळत नाही. ताईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर, मधे एक स्टूल, त्यावर उशी, आणि उशीवर दोन पाय. एक डावा, एक उजवा. दोघांचेही अंगठे लाल, दोघांचेही आतल्या बाजूला वळलेले. पायांची ठेवण इतकी सारखी की एकाच माणसाने पाय जुळवून ठेवलेत असं वाटावं. ताई मटार सोलत होत्या.

‘‘तुझा जास्त लाल आहे,’’ ताई म्हणाल्या.

‘‘तुझा मोठा आहे.’’

‘‘मोठी आहेच मी. मोठाच असणार.’’

‘‘गणितात नापास झाली असतीस तरी मोठीच राहिली असतीस.’’

मग ते कण्हले. ‘‘आई गं,’’ असं, पूर्ण तोंड उघडून, लहान मुलासारखं. ताई मटार सोलतच राहिल्या आणि त्यांच्यामागून त्याही कण्हल्या, ‘‘आई गं.’’ आणि दोघं हसली.

आमच्या घरात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरी ते ओठ मिटून पडून राहायचे. मी बर्फ घेऊन गेले की हात पुढे करायचे, ‘‘दे इकडे. मी करतो.’’ नखं तेच कापायचे, बेचक्या तेच पुसायचे, माझ्याकडे पाठ करून. मी सगळं वाचलेलं होतं आणि मला त्या पायाला हात लावायची कधी संधी मिळाली नाही. मी दारात उभी असलेली त्यांना दिसले तेव्हा त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतला. खाली घेताना किती दुखलं असेल, ते मला कळलं. ‘‘तू कशाला एवढ्या लांब आलीस,’’ म्हणाले.

ताईंनी मला बसायला खुर्ची दिली. चौथी खुर्ची त्या घरात नव्हती, तिसरी होती, ती जरा बाजूला ठेवावी लागली.

दुसऱ्या बाईचा हेवा वाटणं लोकांना समजतं. मला हेवा वाटत होता तो एका दुखण्याचा. माझे पाय निरोगी आहेत. आमच्या माहेरी सगळ्यांचेच निरोगी. चपला झिजतात, पाय झिजत नाहीत. परत येताना मेट्रोत मी माझ्या पायांकडे बघत होते आणि मला त्यांचा राग येत होता. आणि एक गोष्ट मी त्या दिवशी धरून चालले, की इथे तो पाय ताईंच्या हातात जात असणार. त्या बर्फ धरत असणार, बोटं पुसत असणार, उंचवट्यावरची कातडी बघत असणार. मी ते बघितलं नव्हतं. पण नसेल तर कुणी तासभर टॅक्सीत बसून जातं का?

आता तेराव्याकडे येते.

सुतकात मी घराबाहेर पडणार नव्हते, म्हणून जोडा आणायचं काम मुलावर होतं. त्याचं सगळं शिक्षण दिल्लीत. मराठी तो बोलतो, चांगली बोलतो, पण त्याच्या मराठीखाली हिंदीची जमीन आहे. घरात येणारे-जाणारे चालूच होते. तो बाहेर निघाला तेव्हा मी त्याला दारात गाठलं.

‘‘जोडा चांगला बघून आण. रुंद हवा, सैल. मऊ बघ. कुठे चावायला नको.’’

‘‘हो आई. साइज?’’

‘‘बेचाळीस. बाबांच्या नेहमीच्या दुकानातून. आणि दुसरं काही गळ्यात मारू देऊ नकोस.’’

‘‘बिल्कुल नाही. मी बघतो. तू आराम कर.’’

संध्याकाळी पिशव्या आल्या. छत्री, काठी, तांब्याचं भांडं. मी मोजत बसले नाही. मला त्या सगळ्याकडे बघवत नव्हतं. तेराव्याला सकाळी गुरुजी यायच्या आधी पाटाजवळ वस्तू मांडायच्या म्हणून मी पिशव्या उघडल्या. शेवटच्या पिशवीतून पांढरा कुर्ता निघाला. त्याखाली धोतर.

‘‘जोडा कुठे आहे?’’

‘‘हाच ना,’’ मुलगा म्हणाला. ‘‘कुर्ता-धोतर. पूरा जोड़ा. बेचाळीस होता, पण तू सैल म्हणालीस म्हणून चव्वेचाळीस घेतला. कापड बघ ना आई, किती मऊ आहे. अजिबात चावणार नाही.’’

हिंदीत जोड़ा म्हणजे कपड्यांचा जोड, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं दिल्लीत काढून माहीत नसेल कसं? पण मी बोलले होते ते आईच्या भाषेत, आणि त्याने ऐकलं ते त्याच्या. बाबांचं नेहमीचं दुकान म्हणजे त्याच्या मते ते कुर्ते घ्यायचे ते. मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आलं असेल, आणि त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. मुलगा मागून विचारत होता, ‘‘आई, क्या हुआ? बदलून आणू? दुकान अकराला उघडतं.’’

गुरुजी नवाला येणार होते. दिल्लीत मराठी गुरुजी मोजके, त्यांना पुढे दुसरीकडे जायचं असतं.

तेवढ्यात ताई आल्या. फरीदाबादहून, टॅक्सीने, एकट्या. त्यांनी दारात सँडल काढले आणि मी ते बघितले. गडद तपकिरी, तीन पट्टे, पुढून बदकाच्या चोचीसारखे. झिजलेले. मग त्यांनी हातातली पिशवी मला दिली. आत तसाच एक जोडा होता, नवा कोरा, कागदात गुंडाळलेला.

‘‘म्हटलं, तुमच्या गडबडीत राहून गेलं तर असावा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझा आहे. वापरलेला नाही.’’

‘‘तुम्हाला कुठे मिळाला हा?’’

‘‘तोच आणायचा. स्वतःला घेतला की मला एक घेऊन यायचा. मला बायकांचे बसत नाहीत ना गं आता, चिमटे बसतात. पुरुषांचाच लागतो.’’

तो मी शोधला होता. सगळी दुकानं हिंडून. आणि प्रत्येक वेळी त्यांनी दोन घेतले होते आणि मला एक दाखवला होता. मी जोडा उलटा करून तळ बघितला.

‘‘एक्केचाळीस आहे हा,’’ मी म्हटलं.

‘‘हो.’’

‘‘त्यांना बेचाळीस लागतो.’’

‘‘एका नंबराने काय होतंय?’’

‘‘टाच बाहेर राहील.’’

‘‘अगं, तो आता कुठे...’’ ताई म्हणाल्या आणि थांबल्या.

आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. मी म्हटलं की दुकान उघडेपर्यंत थांबूया. म्हटलं की त्यांचा स्वतःचा, रोजचा जोडा देऊया, तो बेचाळीस आहे, पायाला बसलेला आहे. माझा आवाज वाढला असावा, कारण मुलगा आत आला आणि त्याच्यामागे गुरुजी. ते केव्हा आले ते आम्हाला कळलंच नव्हतं.

‘‘वहिनी,’’ गुरुजी म्हणाले, ‘‘वापरलेला चालत नाही. नवाच लागतो. हा नवा आहे ना? मग झालं. दानाला माप नसतं.’’

‘‘दानाला नसेल. पायाला होतं.’’

गुरुजींनी घड्याळ बघितलं. मुलगा म्हणाला, ‘‘आई, आत्याचा देऊया. प्लीज.’’ तो दमलेला होता. इतके दिवस सगळं त्यानेच ओढलं होतं. मी जोडा त्याच्या हातात दिला.

तर ताईंचा जोडा गेला. पळीतून पाणी सोडलं, मंत्र झाले, गुरुजींनी तो छत्री-काठीबरोबर बाजूला ठेवला. माझ्या मनात एवढंच होतं, की ते इथूनही तिच्याकडेच गेले. तिचं घालून गेले.

निघताना ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘मला तुझं एक काम आहे. हे पायातले आता संपत आलेत. ते दुकान कुठे आहे गं? तो आणून द्यायचा, मी कधी विचारलं नाही.’’

‘‘मी आणते,’’ मी म्हटलं. दुकान सांगितलं नाही.

सुतक फिटल्यावर मी गेले. जिना चढून वर. दुकानदाराने मला ओळखलं आणि दोन खोकी काढून ठेवली. ‘‘एक ही चाहिए,’’ मी म्हटलं. ‘‘इकतालीस.’’ त्याने बेचाळीसचं खोकं परत फळीवर ठेवलं.

तो जोडा मग बरेच दिवस माझ्याकडेच राहिला. कपाटात नाही, माझ्या पायांत. सकाळी घरातलं सगळं आवरलं की मी तो घालून या खोलीतून त्या खोलीत चालायचे. माझा पाय लहान, अरुंद. पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी बोटांच्या पुढे आणि बाजूला केवढी तरी मोकळी जागा उरायची. एवढी जागा त्यांना लागत होती. मी ती पुस्तकांत वाचली होती. पायाने मोजली नव्हती. ताईंचा फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून त्या विचारायच्या, ‘‘मिळाला का गं?’’ मी म्हणायचे, बघते. त्यांना काय घाई, असं मनात यायचं. इतकी वर्षं सगळं त्यांनाच तर मिळालं होतं.

एका दुपारी त्यांचा आवाज वेगळा वाटला. विचारल्यावर म्हणाल्या, जुन्याचा तळ उकलला, रबरी स्लीपर घालून दूध आणायला गेले आणि फाटकापाशी अंगठा ठेचकाळला.

‘‘सुजलाय?’’

‘‘दोन दिवस झाले. उतरतोय आता.’’

‘‘मी येते. जोडा घेऊनच येते.’’

‘‘अगं, कुरियरने पाठव. मला घालता येतो.’’

‘‘माहीत आहे,’’ मी म्हटलं.

फरीदाबादचं ते दार या वेळीही नुसतं लोटलेलं होतं. ताई खिडकीशी खुर्चीत होत्या, पाय उशीवर. समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्रं साठली होती. ती मी उचलून खाली ठेवली, पण तिथे बसले नाही. खालीच, फरशीवर बसले, खोकं उघडलं, तिन्ही पट्टे पूर्ण सोडले आणि त्यांच्या डाव्या पायाकडे बघितलं.

तो यांचाच पाय होता. तसाच अंगठा आत वळलेला, तसाच उंचवटा, नखाचा तसाच जाडसर पिवळा रंग. मी कधी इतक्या जवळून बघितला नव्हता. मी हात पुढे केला आणि थांबले.

‘‘लाव की हात,’’ ताई म्हणाल्या. ‘‘चावणार नाही तो.’’

मी टाच हातात घेतली. कोमट होती, जड होती. सांध्यापाशी कातडी ताणलेली, पण घासलेली नव्हती, फुटलेली नव्हती. बेचक्या कोरड्या होत्या. टाच आधी बसवली, मग चवडा हळू खाली आणला.

ताईंनी एकदा श्वास ओढला. मग म्हणाल्या, ‘‘तुला छान येतं. तू त्याचं करायचीस तेव्हा तो ओरडायचा का गं?’’

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. मी वर बघितलं. त्या चेष्टा करत नव्हत्या.

‘‘मी नाही करायचे,’’ मी म्हटलं. ‘‘तुम्ही करायच्यात ना?’’

‘‘मी? मला तर तो स्टुलावर माझा पाय जरा त्याच्याकडे सरकला तरी खेकसायचा. बर्फ स्वतः धरणार, नखं स्वतः कापणार. मी म्हणायचे, मेल्या, इथे येतोस कशाला मग? तर म्हणायचा, घरी ती सारखी विचारते, काय करू. मला वाटायचं, घरी तुझ्याकडून करून घेत असेल, म्हणून इथे ऐट. मला तर तुझा रागच यायचा कधीकधी.’’

‘‘मला नाही कधी हात लावू दिला.’’

‘‘मग कुणाला लावू द्यायचा?’’

‘‘कुणालाच नाही.’’

‘‘अण्णांसारखाच,’’ ताई म्हणाल्या. ‘‘हट्टी.’’

मी पहिला पट्टा लावला. दुसरा, जो सांध्यावरून जातो, तो नुसता टेकवला. तिसरा घट्ट. त्यांना उभं राहून बघा म्हटलं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन त्या उठल्या, दोन पावलं गेल्या, खाली बघितलं.

‘‘बसतोय,’’ म्हणाल्या.

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. यांनी आयुष्यभर कुणालाच जवळ येऊ दिलं नाही, हे कळल्यावर वाईट वाटायला हवं. ते पुढे वाटलं, मेट्रोत, आणि अजूनही वाटतं. पण त्या खोलीत, त्या क्षणी, मला इतकं बरं वाटलं की ते लपवायला मी खोक्यातला कागद गोळा करू लागले. ताई दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि खुर्चीत बसल्या. आणि मला एकदम भूक लागली. ते गेल्यापासून मी वेळ झाली म्हणून जेवत होते. ही भूक वेगळी होती, पोटात दुखावं तशी.

‘‘ताई,’’ मी म्हटलं, ‘‘घरात काही खायला आहे का हो?’’

‘‘सकाळचा भात आहे. फोडणी घालावी लागेल. कांदा चिरशील?’’

‘‘चिरते.’’

‘‘मिरच्या खालच्या कप्प्यात आहेत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि तेल जरा सढळ घाल. तो असला की हात आखडता घ्यायला लागायचा.’’